सेसना १८० ची आतली बाजू: त्रेचाळीस पाउंडांचं प्रकरण

विमान १९५५ सालचं सेसना १८०. शेपटीखाली चाक असलेलं, चार सीटचं. मालक माझा जुना मित्र, आणि मी मेकॅनिक. वार्षिक तपासणीवर आणि मोठ्या दुरुस्त्यांवर सही करण्याचा अधिकार माझ्याकडे आहे. म्हणजे हौस त्याची आणि सही माझी, आणि आमच्या दोघांतले सगळे वाद तिथूनच सुरू होतात.

तो उडतो अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या डोंगरांत. फ्रँक चर्च अभयारण्याच्या आत आणि आजूबाजूला नदीकाठच्या गवतावर, वळणावळणाच्या दऱ्यांत, जुन्या धावपट्ट्या आहेत. जॉन्सन क्रीकची त्यातल्या त्यात सभ्य म्हणायची, पण तीसुद्धा सुमारे ४,९०० फुटांवर. उन्हाळ्यात दुपारी पारा ३० अंशांवर गेला की तिथली हवा विमानाला जवळजवळ ८,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ लागते. इंजिन धापा टाकतं, पंख उशिरा उचलतात आणि समोर पाइनची झाडं उभी असतात. अशा ठिकाणी विमानात कापडाच्या दोन थरांनाही वजन असतं.

मित्राचं म्हणणं मात्र साधं होतं. "अरे, आतून फार कळकट झालंय. सीटमधून फोमचा भुगा पडतो. गालिचा ओला झाला की कुत्र्यासारखा वास मारतो. सहा शनिवार-रविवारांत उरकू."

लागले पाच महिने.

आधी काटा

काम हातात घेण्यापूर्वी मी एकच अट घातली: आधी विमानाचं वजन करायचं. त्याला ती वेळखाऊ वाटली, कारण रिकामं वजन १,६९१ पाउंड असल्याचं कागदावर होतंच. पण मी मागची पानं चाळली तेव्हा दिसलं की ते वजन कित्येक वर्षांत कुणी काट्यावर घेतलेलंच नव्हतं. एक रेडिओ काढला की इतके वजा, दुसरा बसवला की इतके अधिक, अशी नुसती कागदावरची बेरीज-वजाबाकी. मधल्या काळात चढलेला रंगाचा जादा थर, गालिच्याखालचा दुसरा गालिचा, कुणीतरी मागे सोडून दिलेल्या वायरी, हे कुणाच्याच बेरजेत नव्हतं.

शेपूट स्टँडवर उचलून विमान सपाट केलं आणि तिन्ही ठिकाणी काटे लावले. भरलं १,७२२. कागद ३१ पाउंडांनी खोटा होता.

या मॉडेलचं कमाल वजन २,५५० पाउंड. म्हणजे माणसं, पेट्रोल आणि सामान मिळून ८५९ पाउंड नेता येतात असं मित्र समजत होता, आणि प्रत्यक्षात नेता येत होते ८२८. गेली काही वर्षं काठोकाठ भरून तो जेव्हा जेव्हा उडाला, तेव्हा त्याच्या नकळत विमान मर्यादेबाहेर होतं. हे ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काढ सगळं."

गालिचा उचलल्यावर

डोंगर पोखरून उंदीर निघाला, असं आपण म्हणतो. आम्ही गालिचा उचलला आणि खरोखरच उंदीर निघाला. वाळलेला, भिंतीच्या पिवळ्या काचलोकरीत घरटं करून बसलेला. त्या काळच्या सेसनांत आवाज आणि थंडी अडवायला काचलोकरीचे थर भरत. उंदरांना तयार गादी मिळते, शिवाय लोकर पाणी धरून ठेवते. उंदराचं मूत्र ॲल्युमिनियमला ॲसिडसारखं खातं. घरट्याखालच्या पत्र्यावर हाताच्या पंजाएवढा पांढरा, फुगलेला डाग होता. खरवडल्यावर खाली खड्डे निघाले.

इथे मित्राची एक चूक सांगायला हवी, कारण ती सगळेच करतात. गालिच्याचा जुना गोंद काढायला तो पोलादी पट्टी घेऊन बसला होता. विमानाच्या पत्र्याला दोन्ही अंगांनी शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदी पातळ मुलामा असतो, आणि गंजापासून खरं रक्षण तोच करतो. पोलादी पट्टीने गोंदाबरोबर मुलामाही निघतो, आणि आपण गंजाला हाताने दार उघडून देतो. मी पट्टी काढून घेतली, प्लॅस्टिकची दिली. चार तासांचं काम दोन दिवसांवर गेलं. त्याबद्दल मला अजून बोलणी बसतात.

पण उंदरापेक्षा मोठी गोष्ट पुढे होती. मुख्य चाकांचे पोलादी पाय धडात ज्या मजबूत पेटीत बसतात तिला आम्ही गिअरबॉक्स म्हणतो. ती पुढच्या सीटखाली, दाराच्या खांबांजवळ असते. दगडधोंड्यांवर उतरणाऱ्या १८० चा सगळा मार तिथे जातो. डाव्या बाजूला पाच रिव्हेटांभोवती, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांभोवती, काळी शेपटी दिसत होती. रिव्हेट सैल झाला की तो भोकात घासत राहतो, ॲल्युमिनियमची काळी भुकटी बाहेर येते आणि वाऱ्याच्या दिशेने ओघळते. आमच्या भाषेत तो रिव्हेट 'धूर सोडतोय'. शेजारच्या कोनपट्टीत नखाएवढी भेग होती.

वार्षिक तपासणीत हे दिसायला हवं होतं का? हवं होतं. पण त्यासाठी दर वेळी दोन सीट, गोंदाने चिकटवलेला गालिचा आणि त्याखालची झाकणं काढावी लागत. आधीच्या वर्षांत कुणी काय केलं याची चौकशी मी केली नाही. मात्र त्या क्षणी कामाचा हेतू बदलला. आतली बाजू नुसती हलकी आणि धुता येणारी नको, वीस मिनिटांत उघडता येणारी हवी, हे मी कागदावर पहिल्या ओळीत लिहिलं. भेगेची दुरुस्ती मोठ्या दुरुस्तीत मोडते, तिला फॉर्म ३३७ भरावा लागतो. त्यात सहा आठवडे गेले, आणि आतल्या सजावटीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

सीट आणि रूळ

सेसनाच्या पुढच्या सीट केबिनच्या जमिनीवरच्या रुळांवर सरकतात आणि एक खिळा रुळाच्या भोकात अडकून त्या थांबतात. भोकं झिजली की खिळा पुरता बसत नाही. मग उड्डाणाच्या ऐन वेळी, नाक वर उचललेलं असताना, सीट सुटून मागे घसरते. पायलट आधारासाठी हातातलं स्टिअरिंग धरतो, तेही त्याच्याबरोबर मागे येतं, नाक आणखी वर जातं. या कारणाने माणसं मेलेली आहेत. म्हणूनच एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा, कायमचा आदेश आहे, सध्याचा क्रमांक २०११-१०-०९: दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी रूळ, खिळे, रोलर मोजून बघायचे. आमच्या डाव्या रुळाची दोन भोकं लंबगोल झाली होती. रूळ बदलले, शिवाय सीट मागे घसरली तरी तिला थांबवणारा दुसरा अडसर बसवला. वजन वाढलं, आणि तिथे मी ग्रॅमचाही हिशेब केला नाही.

खांद्याच्या पट्ट्यांचंही तसंच. १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या छोट्या विमानांना पुढच्या सीटसाठी त्या सक्तीच्या आहेत. १९५५ च्या विमानाला कायदा काहीच म्हणत नाही. विमानात नुसता कमरेचा पट्टा होता, आणि समोर डॅशबोर्डचा पत्रा. मंजुरी असलेला गुंडाळणाऱ्या पट्ट्यांचा संच बसवला, पाच पाउंड वाढले. मित्राने या एका खर्चावर घासाघीस केली नाही.

आता फोम. जुना फोम हातात घेतला की बिस्किटासारखा चुरत होता. नवा घेतला आघात शोषणारा, थराथरांचा. बसताना कडक वाटतो, पण आदळल्यावर पाठीच्या कण्यावरचा धक्का कमी करतो. दोन गोष्टी मला आधी सुचायला हव्या होत्या. पहिली, हा फोम थंडीत दगडासारखा होतो. हिवाळ्यातल्या सकाळी पहिला अर्धा तास फळीवर बसल्यासारखं वाटतं.

दुसरी जास्त महत्त्वाची. काम संपल्यावर मित्र पहिले चार लँडिंग करून आला आणि चारही वेळा विमान धप्पकन टाकलं. "माझा हात गेला की काय?" असं विचारत होता. हात गेला नव्हता. नवा फोम जुन्या, दबून गेलेल्या फोमपेक्षा दीड इंच उंच होता, त्यामुळे त्याचे डोळे दीड इंच वर गेले होते. शेपटीवर बसणाऱ्या विमानात पायलट नाकापलीकडचं फारसं बघू शकत नाही. जमीन किती खाली आहे हे तो कडेच्या गवताच्या कोनावरून ओळखतो, आणि तो कोन शेकडो लँडिंगमधून अंगात मुरलेला असतो. खालचा थर कापून उंची पूर्वीइतकी केली. पाचवं लँडिंग नेहमीसारखं झालं.

कापड, आग आणि राखदाणी

मित्राने एका मोटारगाडीच्या सीटचं काम करणाऱ्याकडून सुंदर कापड आणलं होतं. करडं, जाड, डाग न पडणारं. मी त्याची एक पट्टी कापून हँगरबाहेर उभी टांगली आणि खालून लायटर धरला. ज्योत पाच सेकंदांत वरच्या टोकाला पोचली आणि जळते थेंब खाली पडू लागले. त्याने न बोलता गठ्ठा गाडीत ठेवला.

या विमानाला मान्यता मिळाली ती छोट्या विमानांच्या जुन्या अमेरिकी नियमांखाली, सीएआर ३ खाली. त्यात एक गंमत आहे: जिथे धूम्रपानाला परवानगी आहे तिथलं अस्तर, सीटचं कापड आणि जमीन ज्वालारोधक हवी आणि राखदाण्याही हव्यात, जिथे परवानगी नाही तिथे तशी पाटी हवी. आमच्या विमानात राखदाण्या होत्या. त्या काढल्यावर दोन छोट्या 'धूम्रपान निषिद्ध' पाट्या लावाव्या लागल्या. सत्तर वर्षांत जग बदललं तरी विमान ज्या नियमांवर जन्मलं त्यांनाच ते उत्तर देतं.

मी पुढे जाऊन मोठ्या विमानांची कसोटी धरली: कापड उभं टांगून १२ सेकंद ज्योत लावायची, ज्योत काढल्यावर ते १५ सेकंदांत विझायला हवं आणि जळालेली लांबी ८ इंचांच्या आत हवी. त्या कसोटीचं प्रमाणपत्र असलेलं कापड विकत मिळतं. महाग असतं, रंग मोजकेच असतात. लेदरचा आग्रह मी वजनावर मोडून काढला.

घरी बसून मालक काय काय करू शकतो, हा प्रश्न नेहमी येतो. अमेरिकी नियमांत, भाग ४३ च्या परिशिष्ट अ मध्ये, पायलट-मालकाला स्वतः करता येणाऱ्या कामांची यादी आहे. तिच्यात सीट-अस्तराची दुरुस्ती बसते, पण मूळ सांगाड्याला किंवा चालत्या यंत्रणेला धक्का लागता कामा नये. सुरक्षा पट्टे बदलणं बसतं, मंजूर सीट बसवणंही बसतं. जुन्या बाकाऐवजी वेगळ्याच रचनेची सीट आपल्या मनाने बसवणं मात्र बसत नाही. मागचं २७ पाउंडांचं बाक काढून आम्ही कापडी झोळीची घडीची सीट लावली. ९ पाउंडांची, मंजुरीची कागदपत्रं असलेली. बाक होतं तेव्हा मागे एक तर माणूस बसे किंवा अर्धवट सामान मावे. झोळी दोन मिनिटांत निघते आणि मागे सपाट जमीन उरते.

जमीन आणि भिंती

गालिचा परत घालायचा नाही, यावर सुरुवातीपासून एकमत होतं. चिखलाचे बूट, ओल्या पिशव्या, कुत्रा, क्वचित शिकारीचं मांस. गालिचा हे सगळं पितो आणि पत्र्यापर्यंत पोचवतो. जमीन घासून, गंजरोधक प्रायमर लावून, वर खरखरीत टिकाऊ रंग दिला. पायाखाली पातळ रबरी चटई, चार चिमट्यांवर. सामान बांधायला जमिनीत कड्या बसवल्या, त्या मूळ सांगाड्याच्या आडव्या पट्ट्यांना धरून; नुसत्या पत्र्यात बसवलेली कडी धक्क्याबरोबर उपटून येते.

भिंतींना फुटलेल्या प्लॅस्टिकऐवजी पातळ ॲल्युमिनियमचे तुकडे, मॅट करड्या रंगाचे. चकचकीत ठेवले असते तर फोटो सुंदर आले असते आणि दुपारच्या उन्हात पायलटला काहीच दिसलं नसतं. काचलोकरीच्या जागी बंद पेशींचा फोम, जो पाणी पीत नाही. तो पत्र्याला घट्ट चिकटवायचा नाही, तळातली पाणी निघायची भोकं झाकायची नाहीत. आवाज पूर्वीपेक्षा किंचित वाढला आहे, हे कबूल करतो. मोठ्या सपाट पत्र्यांच्या मधोमध वजनदार चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावल्यावर ढोलासारखी घुमघुम थांबली. बाकीचं हेडसेटवर सोडलं.

एका स्क्रूने मात्र घाम फोडला. दाराच्या खांबावरची पट्टी बसवताना मित्राच्या हाताला पाव इंच जास्त लांबीचा स्क्रू लागला. आतून वायरींचा जुडगा जातो. स्क्रूचं टोक त्यातल्या एका वायरीच्या आवरणाला टेकलेलं मला आरशातून दिसलं. अजून कापलं नव्हतं. वीस-तीस तासांच्या थरथरीत कापलं गेलं असतं. त्या दिवसानंतर प्रत्येक पॅनेलचे स्क्रू वेगळ्या डबीत, डबीवर लांबी लिहिलेली.

हिशेब

काढलेली प्रत्येक वस्तू मी तोलली आणि फायरवॉलपासून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या आडभिंतीपासून, तिचं अंतर मोजलं. काढलं एकूण ९३ पाउंड. त्यात शेपटीकडे पडून असलेला आठ पाउंडांचा मेलेला रेडिओ आणि त्याची चौकटही होती. घातलं ४७. म्हणजे ४६ पाउंडांची बचत. हिशेबाने वजन १,६७६ यायला हवं होतं, काट्यावर आलं १,६७९. प्रायमर, रंग, गोंद. खरी बचत ४३ पाउंड, म्हणजे साडेएकोणीस किलो.

मित्र खूष. मग मी त्याच्यासमोर जुना कागद धरला. आता नेता येणारं वजन ८७१ पाउंड, आणि इतकी वर्षं तो समजत होता ८५९. पाच महिने घाम गाळून त्याला त्याच्या समजुतीपेक्षा फक्त १२ पाउंड जास्त मिळाले. हसावं की रडावं त्याला कळेना. माझ्या मते सगळ्या कामातला सर्वात मोलाचा आकडा तो ३१ चाच होता, आणि तो एकही स्क्रू न काढता मिळाला होता.

आणखी एक गोष्ट नुसत्या वजनाच्या आकड्यात दिसत नाही. काढलेलं बरंचसं सामान मागचं होतं: बाक, रेडिओ, छताची लोकर. त्यामुळे रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य फायरवॉलपासून ३८.२ इंचांवरून ३७.३ वर, म्हणजे पुढे सरकला. पुढे दोघं मिळून ३७० पाउंड, ३० गॅलन पेट्रोल, मागे काही नाही, अशा भारात पूर्वी तो ३८.६ वर असे, आता ३७.९५ वर. मर्यादेच्या आतच. पण १८० मुळातच दोघं पुढे बसले की नाकाकडे जड. पंखांमागचे फ्लॅप पूर्ण सोडून हळू उतरताना शेपूट खाली धरायला हातात जास्त ओढ लागते आणि ती ओढ हलकी करणारा ट्रिम जवळजवळ टोकाला जातो. मऊ गवतावर, जोरात ब्रेक लावताना, हे कुणालाच नको असतं.

उपाय बिनखर्चाचा निघाला. जंगलात लागणारी आणीबाणीची पिशवी, तंबू, झोपायची पिशवी, कुऱ्हाड, खाणं, प्रथमोपचार, मिळून २२ पाउंड. ती सर्वात मागे, सामानाच्या कप्प्यात ९५ इंचांवर, कड्यांना बांधली. गुरुत्वमध्य ३८.५ वर परतला. मित्राने लगेच विचारलं, "म्हणजे २२ पाउंड परत घातलेच ना?" घातले, पण हे २२ पाउंड विमान झाडांत पडलं तर उपयोगी येणारे आहेत. मेलेला रेडिओ आला नसता.

१९६४ साली जेरी मॉक १९५३ च्या सेसना १८० मधून एकटीने जगाची प्रदक्षिणा करून आली. तसं करणारी ती पहिली स्त्री. तिच्या विमानात बाकीच्या सीट काढून त्या जागी पेट्रोलच्या टाक्या होत्या. मित्र लेदरची आठवण काढतो तेव्हा मी त्याला हे ऐकवतो.

वर्षानंतर

पुढच्या वार्षिक तपासणीला जमिनीची झाकणं आणि पुढच्या सीट काढायला मला अठरा मिनिटं लागली. गिअरबॉक्सचे नवे रिव्हेट कोरडे, स्वच्छ. रुळांची भोकं ठीक. डाव्या खुर्चीच्या कापडावर शिवण एका ठिकाणी उसवली आहे, कारण मित्र खिशात चाव्या ठेवून बसतो. रबरी चटईचा एक चिमटा हरवला.

मागच्या आडव्या पट्टीजवळ, फोमच्या कडेला, सूर्यफुलाच्या बियांची तीन टरफलं मिळाली. ताजी.